हे खूळ ओबामांच्या काळातलं नव्हे

नाताळात ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणणं हे अमेरिकेत ओबामांच्या काळात आलेलं डाव्यांचं खूळ, असं काही जण म्हणतात. ओबामांच्या आधीचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना विसरलात का? उजव्या रिपब्लिकन पक्षाचे, वर श्रद्धाळू. तरी २००५ च्या व्हाइट हाउसच्या कार्डावर ख्रिसमसचं नाव न घेता ‘हॉलिडे सीझन’च्या शुभेच्छा. सोबत बायबलमधलं वचन होतं, तरीही त्यांच्याच गोटातले उखडले. त्याच्याही कितीतरी आधी, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या कार्डावरही ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’च होतं. २०१५ मध्ये तर स्टारबक्सचा नाताळच्या दिवसांतला लाल कॉफीचा कप नक्षीविना कोरा आला, म्हणजे ख्रिसमसच पुसला, म्हणून गदारोळ! (आधी तरी त्यावर कुठे येशू होता? हिमकण आणि रेनडिअर.) समोरचा ख्रिश्चन आहे हे माहीत असेल तर मी खुशाल ‘मेरी ख्रिसमस’ म्हणतो. ऑफिसात सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये मात्र ‘हॅपी हॉलिडेज’च, कारण वाचणाऱ्यांत हनुका हा ज्यूंचा सण पाळणारेही असतात.