असेंब्ली हॉलच्या आठवणी (इलिनॉय, अर्बाना-शँपेन)

भाचीला यूआययूसीला (आमचं इलिनॉय विद्यापीठ) अॅडमिशन मिळाली. तिने पाठवलेल्या फोटोंत बास्केटबॉल स्टेडियमचा तो पांढरा घुमट दिसला आणि रात्रभर डोक्यात तेच. आता नाव स्टेट फार्म सेंटर, २०१३ पासून. आमच्यासाठी असेंब्ली हॉलच.
१ डिसेंबर २००४. समोर वेक फॉरेस्ट विद्यापीठाची टीम, तेव्हा देशात एक नंबरवर. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रूममेटने नारिंगी टीशर्ट अंगावर फेकला, म्हणाला चल. ९१-७३ ने धुतलं त्यांना! त्या सीझनला ३७ जिंकल्या, हरलो फक्त दोन. त्यातली एक फायनल. नॉर्थ कॅरोलिनाचं नाव अजून काढू नका माझ्यापुढे.
येऊ द्या तुमच्याही.

खारीबटर: सी सेक्शन, सगळ्यात वरच्या खुर्च्या!! काय तो चढ. खाली बघितलं की पोटात गोळा. मी अख्खी मॅच समोरच्या खुर्चीची पाठ धरून बघितली.

सिव्हिलवाला: मॅच कोण बघतंय, मी छत बघायचो. ४०० फूट व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत एक खांब नाही. कडेला ६०० मैलांहून जास्त लांबीची तार ताणून गुंडाळली आहे, चाकावर धाव चढवतात तशी, म्हणून तो बाहेर फाकत नाही. १९६३ चं काम. आर्किटेक्ट मॅक्स अब्रामोविट्झ, तिथलाच माजी विद्यार्थी.

खारीबटर: @सिव्हिलवाला तिकिटाचे पैसे छतासाठी? धन्य __/\__

मेथीची जुडी: आमचं कॉन्व्होकेशन तिथेच. मे महिना, एसी तेव्हा नव्हता (नूतनीकरणात आला म्हणे). आई पैठणीत, बाबा कोटात, दोघं कार्यक्रमपत्रिकेने वारा घेतायत. मी दिसलेच नाही त्यांना. दुसऱ्याच कुणासाठी टाळ्या वाजवल्या :D

उंटावरचा: १९७६ ला एल्विस गायला होता तिथे. घरमालकीण आजी दर महिन्याला भाडं घेताना सांगायची. भाडं कमी नाही केलं कधी.

वऱ्हाडी ठेचा: भाचीला सांगा, जानेवारीत हॉलजवळच्या कर्बी रस्त्यावरून चालत जाऊ नको. दक्षिणेला नुसती शेतं, वारा थेट कानात घुसतो. बस घे म्हणा.

मेथीची जुडी: +१. थर्मल इथून न्यायचे का हो? पुतण्या पण निघालाय, पर्ड्यूला.

वऱ्हाडी ठेचा: नको, तिकडेच घ्या. कुकर मात्र न्या, आणि दोन रिंगा जास्तीच्या.

सिव्हिलवाला: पर्ड्यू?? आपल्या प्रतिस्पर्ध्यांचं नाव, या धाग्यावर??