भाची म्हणते प्रोफेशनल बॉक्सर होणार. यात करिअर आहे का? (सातारा)

गोडोलीचा मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची, सोळा पूर्ण, अकरावीला, साताऱ्यातच असते. आठवीत मैत्रिणीच्या नादानं बॉक्सिंगला जायला लागली, आम्हाला वाटलं उन्हाळ्याची सुट्टी संपली की बंद होईल, नाय झालं. गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली, विभागाला कोल्हापूरच्या पोरीकडून हरली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. आता गणपतीत सगळे घरी जमलेले असताना हिनं जाहीर केलं की मला प्रोफेशनल बॉक्सर व्हायचंय, केटी टेलरसारखं. केटी टेलर कोण ते मला मोबाईलवर बघावं लागलं, आयर्लंडची बॉक्सर निघाली.

ताई म्हणते नाक मोडलं तर पुढं काय. दाजी विषय बदलून उसाच्या बिलावर गेले. आज्जी तेवढी खूश, तिचे वडील तालमीतले. घरातला शिकलेला म्हणून आता सगळं माझ्या गळ्यात. तर या धंद्यात बाईमाणसाचं पोट भरतं का? आणि एका ओळखीच्यानं सांगितलंय की मुंबईत एक प्रमोटर आहे, अठराची झाली की सही करून टाकू, फाईटमागं पैसे मिळतील. पडावं का त्यात?

माणदेशी
सही करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण सही करू नका.

डावखुरी
मामा, मी सांगलीची. नऊ वर्षं खेळले, राज्यापर्यंत, पुढं नाही गेले. आता नोकरी करते आणि संध्याकाळी पोरींचे पॅड धरते, म्हणजे सराव घेते, म्हणून लिहितेय.

आधी एक घोळ मिटवू. तुमच्या घरात "प्रोफेशनल" म्हणजे "पूर्णवेळ, सिरीयस" असा अर्थ चाललाय. बॉक्सिंगमध्ये तसं नसतं. प्रोफेशनल, म्हणजे प्रो, म्हणजे प्रमोटर लावेल ती फाईट पैशासाठी खेळायची. शालेय, राज्य, कॉमनवेल्थ, ऑलिंपिक ही वाट अमॅच्युअरची. मेरी कोम सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन, 2012 ला लंडनला ब्राँझ (बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलंच त्या वर्षी), ती आयुष्यात प्रो खेळलेली नाही. निखत झरीन 2022 आणि 2023 ची वर्ल्ड चॅम्पियन, लवलीना टोकियोचं ब्राँझ, सगळ्या अमॅच्युअरमधल्या. निखत तेलंगणा पोलिसात डीएसपी, लवलीना आसाम पोलिसात डीएसपी. आपल्याकडं पोट भरतं ते इथं, रेल्वे, पोलीस, सैन्य, सरकारी नोकरी. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आणि लांब कशाला, तुमच्याच जिल्ह्यातली मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलला पळाली, पुढं उपजिल्हाधिकारी झाली. खेळ वेगळा, पण वाट तीच.

फक्त एक करा, प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा आणि स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का ते खेळायच्या आधी विचारा, नंतर नाही. गल्लोगल्ली "नॅशनल" स्पर्धा निघाल्यात, फी भरा, मेडल न्या, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याच्या पडताळणीत ते सर्टिफिकेट उडतं. माझं एक असंच गेलं. फ्रेम करून भिंतीला लावलेलं होतं, अजून आहे, काढवत नाही.

आणि विभागाला हरली ते उत्तम झालं, जी पोरगी हरल्यावर जेवत नाही ती पुढच्या वर्षी फूटवर्क सुधारून येते असा माझा अनुभव आहे.

तालीमवाला
पोरीला कुस्तीत घाला की राव. खाशाबा जाधवांचा जिल्हा तुमचा, 1952 ला हेलसिंकीत मेडल आणलं गोळेश्वरच्या माणसानं, आणि तुम्ही आयर्लंडच्या बाईमागं लागलाय. तोंड फोडून घ्यायचा खेळ तो.

डावखुरी
कान फोडून घ्यायचा खेळ चालतो होय? 😄 पैलवानाचे कान बघा एकदा.

रात्री_जागणारा
प्रोचं मी सांगतो, मी मिरजेचा, गेली पंधरा वर्षं पहाटे उठून फाईट बघतो, बायको म्हणते एवढा अभ्यास केला असता तर कलेक्टर झाला असता.

मामा, भाचीनं आदर्श चांगला निवडलाय, पण तिला केटी टेलरची पहिली अर्धी गोष्ट सांगा. लहानपणी आयर्लंडमध्ये मुलींच्या बाउटच (लढतीच) नव्हत्या, म्हणून ही केस हेडगार्डमध्ये (डोक्याला घालायच्या जाड टोपात) कोंबून मुलगा म्हणून खेळायची. 2001 ला तिथं मुलींची पहिली अधिकृत बाउट झाली ती हिचीच, वय पंधरा. मग अमॅच्युअरमध्ये पाच वर्ल्ड टायटल, लंडनचं गोल्ड, रिओला क्वार्टर फायनलमध्ये हरली आणि त्यानंतर कुठं 2016 च्या शेवटी, तिशीत, प्रो झाली. म्हणजे जिला बघून भाची प्रो व्हायचं म्हणतेय ती स्वतः नावलौकिक कमावून मग गेली, नाव होतं म्हणून प्रमोटर दारात आला, ती प्रमोटरच्या दारात गेली नाही. 2019 ला लाइटवेट वजनगटाचे चारही बेल्ट, म्हणजे चारही मोठ्या संघटनांची वर्ल्ड टायटलं, हिच्याकडं. 2022 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोर्टो रिकोच्या अमांडा सेरानोबरोबर मेन इव्हेंट (त्या रात्रीची मुख्य फाईट), तिथं दोन बायका मेन इव्हेंटला पहिल्यांदाच. पाचव्या राउंडला सेरानोनं एवढी हाणली की मला वाटलं संपलं, पण टेलर टिकली आणि स्प्लिट डिसिजननं, म्हणजे तीनपैकी दोन जजांच्या मतानं, जिंकली. मग 2024 ला परत, 2025 च्या जुलैत तिसऱ्यांदा, तिन्ही टेलरच जिंकली (दुसरी माझ्या मते सेरानोची होती, यावर आमच्या ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत).

आता दुसरी बाजू. त्या दोघी 2022 ला दहा लाख डॉलरच्या वर गेल्या असं सगळीकडं छापून आलं, पण ते वरचं टोक. खाली काय असतं, चार-सहा राउंडच्या फाईट, वर्षात दोन-तीन, त्यातून ट्रेनरचे दहा टक्के, मॅनेजरचा वाटा वेगळा, मेडिकल, प्रवास, आणि समोरच्या पोरीनं ऐनवेळी नाही म्हटलं की त्या महिन्याची कमाई शून्य. बायकांच्या राउंडपण दोन मिनिटांच्या, टायटलला दहा, पुरुषांना तीन मिनिटांच्या बारा, आणि मग म्हणतात नॉकआउट कमी होतात म्हणून पैसे कमी. सेरानोनं 2023 ला तीनच्या बारा खेळून दाखवल्या, त्या चारातली एक संघटना डब्ल्यूबीसी ऐकेना तर त्यांचा बेल्ट सोडून दिला. आणि गंमत बघा, अमॅच्युअरमध्ये तुमची भाची मोठी झाली की पुरुषांसारख्याच तीन मिनिटांच्या तीन राउंड खेळणार!

आपल्याकडचं उदाहरण सरिता देवी, वर्ल्ड चॅम्पियन राहिलेली बाई. 2017 ला इंफाळमध्ये प्रोची पहिली फाईट जिंकली आणि 2018 ला कॉमनवेल्थला परत अमॅच्युअरमध्ये. तिच्यासारखीला इथं प्रोमध्ये टिकायला मार्केट मिळालं नाही, तर सातारच्या अठरा वर्षांच्या पोरीला ओळखीचा प्रमोटर काय देणार? रेकॉर्ड नसलेली नवी पोरगी म्हणजे त्याला दुसऱ्याची स्टार मोठी करायला लागणारं गिऱ्हाईक. उगाच दोन-तीन पराभव नावावर लागतात, आणि प्रोमध्ये रेकॉर्ड पुसता येत नाही, सगळं जग ऑनलाइन बघतं.

कऱ्हाडची आत्या
आईच्या बाजूनं विचारते. नाकाचं सोडा, डोक्याचं काय?

डावखुरी
आत्या, प्रश्न बरोबर आहे. अमॅच्युअरमध्ये बायकांना हेडगार्ड असतं, पुरुषांचं 2013 ला मोठ्या स्पर्धांतून काढलं पण पॅरिस ऑलिंपिकला बायका हेडगार्ड घालूनच खेळल्या. मात्र हेडगार्डनं कातडी फाटायची वाचते, मेंदू हलायचा थांबत नाही, हे कोणी कोचनं उलटं सांगितलं तर कोच बदला. स्पॅरिंग (सरावातली लढत) आठवड्यात किती आणि कुणाबरोबर ते विचारा. मोठ्या मुलांबरोबर रोज "टफ" करायला म्हणून मार खायला लावतात काही ठिकाणी. डोक्याला लागून चक्कर, उलटी, डोकेदुखी झाली तर डॉक्टरनं सांगेपर्यंत रिंग बंद, स्पर्धा असली तरी.

पण मी पोरींचं सगळ्यात जास्त नुकसान बघितलंय ते वजनापायी. वजन बसवायला दोन दिवस पाणी बंद, अंगात रेनकोट घालून मे महिन्यात पळायचं, मी स्वतः केलंय, एकदा वजन काट्यावर बसलं आणि बाउटला पाय उचलेनात. सोळाव्या वर्षी तर उंची वाढतेय, तिला वरच्या वजनगटात जाऊ द्या. पाळी चुकायला लागली तर ते "खेळाडूंचं होतंच" म्हणून सोडू नका, खाणं कमी पडतंय त्याचा तो निरोप असतो. शेंगदाणे, अंडी, दूध, भाकरी, पोटभर. प्रोटीनच्या डब्याचं नंतर बघू.

तालीमवाला
हे वजनाचं आमच्याकडंपण सेम आहे. ताईंशी सहमत. (कुस्तीचं म्हणणं अजून मागं घेतलेलं नाही.)

गोडोलीचा मामा
सगळ्यांचे आभार. काल रात्री ताईच्या घरी बसून हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. प्रमोटरवाल्याला नाही कळवलंय, तो जरा फुगलाय. ताई वजनाचं ऐकून गप्प झाली आणि मग पोरीला विचारलं की तू हल्ली रात्री का जेवत नव्हतीस. त्यावर जे निघालं ते इथं लिहीत नाही, पण डावखुरी ताई, तुमचे उपकार आहेत. आता दोन भाकरी खाऊनच उठायचं असं ठरलंय, पुढच्या वर्षी वरच्या गटात.

भाचीचं म्हणणं एवढंच की टेलर तिशीत प्रो झाली म्हणजे माझ्याकडं चौदा वर्षं आहेत, आणि मामा तोपर्यंत हेडगार्ड नवीन घे, क्लबच्या हेडगार्डला वास येतो. तर चांगलं हेडगार्ड साताऱ्यात कुठं मिळेल की पुण्यालाच जावं लागेल? मापाचं काय बघायचं असतं?

डावखुरी
ऑनलाइन मागवू नका. तिला बरोबर न्या, केस बांधून घालून बघायला सांगा, मान जोरात हलवली तरी डोळ्यांवर आलं नाही पाहिजे.