मदत हवी आहे: टेक्सासहून न्यू जर्सीला जाताना घरातल्या ब्रेसवाल्या बंदुकीचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

चार दिवस नीट झोप नाही, म्हणून शेवटी इथे लिहितेय. ऑगस्टमध्ये आम्ही डॅलसजवळून एडिसनला राहायला जातोय. शाळेचे दाखले, ट्रक, घराचा करार, सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते नवऱ्याच्या बंदुकीवर.

आम्ही दोघंही इथले नागरिक आहोत. २०२१ च्या जूनमध्ये त्याने एआर-१५ रायफलीच्या पद्धतीचं पिस्तूल घेतलं, दुकानातून, रीतसर तपासणी होऊन. पिस्तूल म्हणायचं, पण दिसतं रायफलसारखंच, फक्त नळी आखूड. मागे दस्त्याच्या (रायफलीचा खांद्याला टेकवायचा भाग) जागी ‘ब्रेस’ आहे, त्याला वेल्क्रोचा पट्टा. तो हाताला बांधून एका हाताने नेम धरायचा, असं दुकानदाराने सांगितलेलं. रेंजवर मी ज्यांना ज्यांना पाहिलं ते सगळे तो खांद्यालाच टेकवतात. नवराही.

परवा त्याने माझ्यासमोर नळी मोजली. गोळ्यांचं मॅगझीन काढलं, आत गोळी नाही ना हे दोनदा पाहिलं, बोल्ट बंद केला, पुढून साफसफाईची सळई टेकेपर्यंत आत घातली, नळीच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण केली आणि सळई माझ्या शिवणकामाच्या टेपवर ठेवली. साडेदहा इंच.

१९३४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा (शॉटगनची १८ पेक्षा) आखूड असली तर ती मशीनगन आणि सायलेन्सरच्या पंगतीत बसते. मग फोटो, बोटांचे ठसे, नोंदणी आलीच. म्हणजे हीच साडेदहा इंची नळी मागे ब्रेस असेल तर पिस्तूल, आणि दस्ता लावला की विनानोंदणीची रायफल, १० वर्षांपर्यंत तुरुंग. हे असं का, ते वाचल्यावर कळलं. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. लोक रायफल कापून पिस्तुलासारखी लपवतील, म्हणून आखूड नळीची अट घातली. पुढे पिस्तुलं मसुद्यातून वगळली, अट मात्र राहिली.

नंतरचा गोंधळ आम्ही घरात भोगलाय. जानेवारी २०२३ मध्ये एटीएफने (शस्त्रास्त्रांचं केंद्रीय खातं) नियम काढला की ब्रेसवाली बहुतेक पिस्तुलं आखूड नळीच्या रायफली धरायच्या. ३१ मेपर्यंत फुकट नोंदणी करा, नाहीतर ब्रेस काढा. देशात असे ३० लाख ब्रेस असावेत हा खात्याचाच अंदाज, आणि अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास. नवऱ्याने अर्ज केला नाही, ब्रेस काढून खणात ठेवला. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी बंप स्टॉकवरची (बंदुकीतून मशीनगनसारख्या भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा दस्ता) बंदीही उठवली, लास व्हेगासच्या २०१७ च्या गोळीबारानंतर आलेली. त्या आठवड्यात ब्रेस पुन्हा बंदुकीला लागला. आता १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळी आणि सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा करही शून्य झालाय, नोंदणी तेवढी राहिलीय.

माझं मत लपवत नाही. मार्च २०२१ मध्ये बोल्डरच्या किराणा दुकानात १० माणसं मारली गेली, ती ब्रेसवाल्या एआर पिस्तुलानेच. तीनच महिन्यांनी तसलंच आमच्या घरात आलं. रायफलीची ताकद आणि कोटाखाली मावेल एवढी लांबी, हे एकत्र आलं की नोंदणी हवीच, असं मला मनापासून वाटतं. नवरा म्हणतो, साध्या माणसाने कागद वाचून, पैसे भरून घेतलेली वस्तू, आणि खातं दर दोन वर्षांनी अर्थ बदलतं. उद्या मी झोपेत गुन्हेगार ठरेन. त्याचंही मला खोटं ठरवता येत नाही.

तर अडचण अशी. ही न्यू जर्सीत नेता येईल का? इथून निघण्याआधी कायदेशीररीत्या काढून टाकायची तर कशी? आणि दुसरं, जे मला जास्त टोचतंय: नणंदेचा मुलगा एच-१बीवर आमच्याकडे राहतो. त्याचा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद त्याच तिजोरीत आहेत, बंदुकीच्या खालच्या कप्प्यात, आणि तिजोरीचा आकडा त्याला माहीत आहे. परवा तो म्हणाला, “मामी, गॅरेजमधलं ते खोकं बंदुकीचंच आहे ना?” पाहिलं तर त्यात सुटा दस्ता. नवऱ्याने कधीतरी सेलमध्ये मागवलेला.

कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा. ओरडलात तरी चालेल.

प्रतिसाद

ताई, मी १४ वर्षं न्यू जर्सीत आहे, आधी ह्यूस्टनला होतो. बंदूक माझ्याकडेही आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ती इकडे आणू नका. इथे १६ इंचांखालच्या नळीची रायफल बाळगणं हाच गुन्हा आहे, केंद्राकडे नोंदणी असली तरी. एआर-१५ चं कुळ १९९० पासून बंदीच्या यादीत आहे. ब्रेस काढला म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. मॅगझीनची मर्यादा २०१८ मध्ये १५ वरून १० गोळ्यांवर आली. ३० वाली टेक्सासमध्येच सोडा. ट्रकमध्ये चुकून एक राहिलं तरी ते महागात पडेल.

काढायचा सरळ मार्ग म्हणजे तिथल्याच परवानाधारक दुकानदाराला विका आणि पावती जपून ठेवा. भाव पडेल, पडू दे.

पण त्याआधी आजच्या आज दोन गोष्टी करा. तो सुटा दस्ता घराबाहेर काढा. दस्ता बसेल अशी दुसरी कायदेशीर रायफल घरात नसताना आखूड नळी आणि दस्ता एकत्र ठेवले, तर जोडलेले नसले तरी आरोप होऊ शकतो. आणि भाच्याचे कागद तिजोरीतून काढून आकडा बदला. एच-१बीवरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते त्याला लागू नसतील असंच धरा. बाळगणं म्हणजे हातात असणंच नव्हे, हात पोचणंही त्यात येऊ शकतं. त्याचं ग्रीनकार्ड यात जाईल.

मत विचाराल तर माझं तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. पहिला ब्रेस २०१२ मध्ये एका अपंग माजी सैनिकाला एका हाताने नेमबाजी करता यावी म्हणून निघाला आणि तेव्हा एटीएफनेच त्याला मान्यता दिली. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, पक्षाघातानंतर त्याच्याशिवाय त्यांना बंदूक उचलत नाही. पण हा वाद तुमच्या ट्रकमध्ये भरून आणू नका. बंदुकीच्या कायद्याचा वकील गाठा, तासाभराची फी द्या.

धागालेखिका

मनापासून आभार, दादा. आकडा कालच बदलला. भाच्याचे कागद आता माझ्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली. त्याला कारण सांगितलं तेव्हा बिचारा पांढराफटक पडला. दस्ता नवऱ्याने दुपारी दुकानात नेऊन दिला, एक शब्द न बोलता. वकिलाची वेळ गुरुवारची मिळालीय, टेक्सास आणि न्यू जर्सी दोन्हीकडची सनद असलेला.

नवरा ती सोबत न न्यायला तयार आहे, पण विकण्याऐवजी म्हणतो बंदूक इथल्या मित्राकडे ठेवून जाऊ, कधी परत आलो तर. माझी तयारी नाही. मित्राने त्यावर दस्ता चढवला तर आमच्यावर काय येईल? असं कुणी ठेवून गेलं असेल तर कृपया लिहा, गुरुवारच्या आत.