न्यू मेक्सिकोतील हिस्पॅनिक समाज आणि मूलनिवासी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची, लोकसंख्या प्रामुख्याने अलीकडच्या स्थलांतरातून आली, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याच्या सुमारे २१ लाख १७ हजार लोकसंख्येत हिस्पॅनिकांचे प्रमाण जवळपास ४८ टक्के, म्हणजे अमेरिकेतील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. मेक्सिकोतून नंतर आलेली कुटुंबे त्यात आहेतच. परंतु विशेषतः उत्तर भागातील अनेक घराणी आपला वंश १५९८ पासून येथे वसलेल्या स्पॅनिश वसाहतकारांपर्यंत नेतात, आणि अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला तेव्हा त्यांचे पूर्वज आपापल्या गावांतच राहत होते.

त्यांच्याही कितीतरी आधीपासूनच्या मूलनिवासींचा उल्लेख अशा चर्चेत राहून जातो, हे मला खटकते. नवाहो आणि अपाची या मूलनिवासी जमातींखेरीज १९ प्वेब्लो (आपापल्या गावांत वसलेले मूलनिवासी) समाज आजही तेथे नांदत आहेत. तरीही या राज्यात मूलनिवासींना मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९४८ मध्ये, इस्लेटा प्वेब्लोचे मिगेल त्रुहियो यांनी न्यायालयात दाद मागितल्यानंतर.