भांगेने अंग जड पडतं तेव्हा: झोप कुठली, बेशुद्धी कुठली?

पाटावरवंटा
धुळवडीला किंवा काशी-उज्जैनच्या सहलीत भांगेची ठंडाई होते. पहिला तास काहीच होत नाही आणि मग माणूस एकदम आडवा. हातपाय जड, जीभ जड, हाक मारली तर नुसतं 'हूं'. असं का होतं? किती तास राहतं? झोपू द्यायचं की दवाखाना गाठायचा? लिंबू-लोणच्याचे घरगुती सल्ले नकोत, नीट माहिती हवी.

खलबत्ता
तो 'काहीच होत नाही'चा तासच घात करतो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत ओसरू लागतो. प्यायलेली भांग आतड्यातून यकृतात जाते. तिथे टीएचसीचं, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि ते मेंदूत आणखी सहज शिरतं. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास, कळस दोन ते चार तासांनी, एकूण सहा ते आठ तास. जास्त झाली तर बारा तास, आणि दुसऱ्या दिवशीही डोकं जड. लोक पाऊण तासात 'ही पाणचट आहे' म्हणून दुसरा ग्लास घेतात आणि मग दोन्ही एकावर एक चढतात.

ग्लासावरून अंदाज बांधू नका. कच्च्या पानात बहुतेक टीएचसीए असतं, त्याने नशा येत नाही. उष्णतेने त्याचं टीएचसी होतं. म्हणजे पानं किती उकळली, किती जुनी होती, यावर सगळं ठरतं. टीएचसी स्निग्धात विरघळतं, त्यामुळे मलईदार दुधात ते चांगलं उतरतं. शिवाय न गाळलेल्या ठंडाईत वाटलेला गोळा तळाशी बसतो, म्हणून शेवटचे ग्लास जास्त कडक. उशिरा आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला नेमका तोच येतो.

नाडीपरीक्षा
अंग जड का होतं ते सांगतो. टीएचसी मेंदूच्या पेशींवरच्या ज्या सीबी-१ ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं ते हालचाल सांभाळणाऱ्या भागांत, म्हणजे लहान मेंदूत आणि बेसल गँग्लियात, दाटीने असतात. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र फार कमी. त्यामुळे निरोगी प्रौढ माणूस नुसत्या भांगेने श्वास थांबून दगावणं फार दुर्मीळ. पण दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हा दिलासा विसरा.

आता तपासायचं कसं. खांदा हलवून मोठ्याने हाक मारा. डोळे उघडून दोन शब्द बोलला तर ती झोप. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. पहिले चार तास दर पंधरा मिनिटांनी पुन्हा हाक मारा आणि छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढाचं प्रमाण साधारण १२ ते २०. दहाच्या खाली गेलं, घशात गुरगुर सुरू झाली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, झटका आला किंवा चिमटा काढूनही जाग येत नसेल तर १०८. लहान मुलाने चुकून घोटभर जरी घेतली असेल तरी थांबू नका, त्यांना गाढ बेशुद्धी येऊ शकते.

बाहुल्याही बघा. भांगेत डोळे लालभडक होतात, पण बाहुल्या फार मोठ्या होत नाहीत. बाहुल्या विस्फारलेल्या, अंग गरम-कोरडं आणि माणूस हवेत काहीतरी पकडतोय असं दिसलं तर धोतऱ्याची भेसळ मनात आणा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

ताकभात
लोणच्यावर एवढंच: पूर्ण जागा असेल तर चाटू दे, पण त्याने नशा उतरल्याचं सिद्ध नाही. अर्धवट गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका. मीठपाणी पाजून उलटी तर मुळीच नको, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. थंड पाण्याची आंघोळही नको. भांगेने उभं राहताना रक्तदाब एकदम पडतो आणि न्हाणीघरात डोकं फुटतं. आधी दोन-तीन मिनिटं बसवा, मग धरून उभं करा. नाडी जोरात धावते, म्हणून हृदयविकार असलेल्यांवर जास्त लक्ष.

पाटावरवंटा
दवाखान्यात उतारा देतात का? आणि सकाळी गाडी चालवलेली चालेल का?

नाडीपरीक्षा
नेमका उतारा नाही. अफूवरचं नॅलोक्सोन इथे लागू पडत नाही. श्वास, रक्तदाब, साखर बघत राहतात, गरज पडली तर सलाईन. काय घेतलं, किती वाजता, सोबत दारू होती का, हे लपवू नका, नाहीतर गुंगीचं कारण शोधण्यात वेळ जातो.

गाडी दुसऱ्या दिवशी नको. तार उतरल्यासारखी वाटते, पण ब्रेकवरचा पाय अजून उशिराच पडतो.