फिले काढताना मांस काट्यालाच राहतं. आणि कोणत्या माशाचा कोणता काप?

काटेकोर

दीड किलोची तांबोशी. खवले काढले, पोट साफ केलं, दोन्ही बाजूंचे फिले (मणक्यावरून सोडवलेलं एका बाजूचं सलग मांस) सोडवले, कातडी काढली, बारीक काटे उपटले. तराजूवर भरले ४२० ग्रॅम. अडचणी अशा:

मधल्या काट्याला मांस चिकटून राहतं, दुसऱ्या बाजूला तर फारच. कातडी काढताना मध्येच फाटते. चिमट्याने काटा ओढला की मांसाचा लचका सोबत येतो. सुरी २० सेंमीची, जाड पात्याची, भाजीची आहे.

शिवाय स्टेक, लॉइन, बटरफ्लाय वगैरे प्रकारांत कुठला मासा कसा कापायचा याला काही नियम आहे की ज्याची त्याची आवड?

उलटी_धार

४२० ग्रॅम इतके काही वाईट नाहीत. तांबोशीचं डोकं मोठं, हाड जड. कातडीसकट फिले अख्ख्या माशाच्या ४० टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे तुमच्या माशाचे साधारण ६००. त्यातून कातडी, बरगड्यांची पट्टी आणि काट्यांची रेघ वजा केली की ४८०-५०० ग्रॅम उरले तर हात चांगला बसलाय म्हणायचं. तुमचे वाया गेले ते ६०-८० ग्रॅम. बाकीचं वजन डोक्याने खाल्लं. सामनचं (सॅल्मनचं) डोकं लहान, तिथे हाच आकडा ६० टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे एका माशाच्या हिशेबाने दुसरा मोजू नका.

पहिला दोष सुरीचा. जाड पातं काट्यांवर वाकत नाही, म्हणून काट्यांपासून दोन-तीन मिलिमीटर वरूनच चालतं. १५ ते १८ सेंमीचं, अरुंद, थोडं लवचीक पातं घ्या. फार लुसलुशीतही नको, ते जाड मांसात भरकटतं.

आता काप. फळीखाली ओलं फडकं, मासा पुसून कोरडा, डोकं तसंच (पकडायला तेच कामाचं). छातीचा पर उचला आणि त्याच्या मागून सुरी डोक्याकडे तिरकी झुकवून मणक्यापर्यंत न्या. मणका तोडायचा नाही. तांबोशीचं मांस मानेपाशी कवटीवर बरंच पुढे चढलेलं असतं. तिथे सरळ उभा छेद दिला तर तो जाड गोळा डोक्याबरोबर जातो. छेद वळवून कवटीला धरून घ्या. तुमच्या ६०-८० ग्रॅमचा मोठा वाटा बहुधा इथलाच असेल.

मग पाठीच्या पराला लागून, डोक्याकडून शेपटीकडे, सेंटिमीटरभरच खोल. ही नुसती वाट. दुसऱ्या फेरीला पातं काट्यांवर किंचित दाबून एका लांब ओढीत चालवा. करवतीसारखं मागेपुढे केलं की फिलेच्या आतल्या बाजूला पायऱ्या पडतात आणि तेवढंच मांस काट्याला राहतं. मोकळ्या हाताने फिले उचलून धरा म्हणजे धार कुठे आहे ते दिसतं. कानही ठेवा: पात्याखाली काटे टर्रर्र वाजायला हवेत. आवाज थांबला म्हणजे सुरी मांसात शिरली.

मणका हा उंचवटा आहे. त्याच्याशी आलात की धार थोडी वर करून तो ओलांडा आणि पलीकडे लगेच खाली टेकवा. बहुतेकांची सुरी ओलांडल्यावर वरच राहते, आणि पोटाकडची अर्धी बाजू जाड राहून जाते. गुदद्वाराच्या मागे बरगड्या नसतात, तिथे टोक आरपार घालून शेपटीपर्यंत सरळ सरकवता येतं. पुढे बरगड्या लागतात. लहान माशात त्या कापून टाका आणि मागाहून फिलेवरून तासून काढा. दीड किलोच्या तांबोशीच्या बरगड्या टणक असतात, तिथे सुरी त्यांच्यावरून घसरवत न्यायची.

दुसरी बाजू बिघडते कारण उलटल्यावर माशाच्या खाली आधार उरत नाही. मधला काटा दाबाने खाली वाकतो आणि सुरी वरून जाते. उपाय दोन. पहिला फिले पुरता सुटण्याआधी दुसऱ्या बाजूची पाठीची वाट पाडून ठेवा. आणि उलटताना मासा फळीच्या कडेला आणून डोकं कडेबाहेर लोंबू द्या, म्हणजे धड सपाट बसतं.

शेपटाकडून

वरच्यांनी सोडलेलं कातडी आणि काट्यांचं.

कातडी: फिले कातडी खाली करून ठेवा. शेपटीच्या टोकापासून दीड सेंमीवर कातडीपर्यंत छेद द्या, कातडी तोडू नका. ते टोक कोरड्या फडक्यात किंवा चिमूटभर जाड मीठ लावून धरा, नाहीतर निसटतं. पातं जवळजवळ आडवं, धार जराशी कातडीकडे. आता सुरी चालवायची नाही. सुरी जागेवर धरून कातडीच डावी-उजवी हलवत स्वतःकडे ओढायची. धार फार खाली झुकली तर कातडी फाटते, अगदीच सपाट राहिली तर कातडीवर मांसाचा थर राहतो. धार बोथट असेल तर दोन्ही होतं. फिले हातात गरम होऊन मऊ पडला असेल तर १०-१५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग हात घाला.

आणि कातडी काढणारच असाल तर सगळे खवले काढायचा खटाटोप कशाला? जिथून सुरी शिरते तेवढ्या रेषेवरचे खरवडा, पुरे. नाहीतर पहिल्याच छेदात धार जाते.

बारीक काटे: तांबोशीला चिमटा नकोच. तिचे काटे मांसात घट्ट रुतलेले असतात, लचका येणारच. ते फिलेच्या पुढच्या भागात, मधल्या रेषेजवळ, साधारण गुदद्वाराच्या जागेपर्यंत एका ओळीत असतात. बोटाने ओळ शोधा, तिच्या दोन्ही बाजूंनी तिरके छेद देऊन अरुंद पट्टीच काढून टाका. काटे एकही न तुटता निघतात. जाते ती थोडी पट्टी, तीही सूपला घाला.

चिमटा चालतो तो सामनसारख्या माशात. फिले पालथ्या वाडग्यावर कातडीची बाजू खाली करून घाला, वाकल्यामुळे काट्यांची टोकं वर येतात. एका बाजूला ३० च्या आसपास काटे असतात. ज्या दिशेला काटा झुकलाय त्याच दिशेने, म्हणजे डोक्याच्या टोकाकडे ओढा; उभा ओढलात की फाटलं. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काट्याभोवतीचं मांस दाबून धरा. अगदी ताज्या सामनचे काटे मात्र हट्टी असतात. दोनेक दिवस बर्फात गेले की सैल होतात.

रोहू, कटला, हिलसा यांच्याशी यातलं काहीच चालत नाही. तिथले काटे दोन फाटे फुटलेले आणि मांसभर विखुरलेले. ते काढायचे नाहीत, तोडायचे: फिलेवर दर ३ मिलिमीटरला आडवे छेद, कातडीपर्यंत पण कातडी न तुटेल असे. कापताना करकर ऐकू आली पाहिजे. तळल्यावर ते तुकडे दाताला जाणवत नाहीत. छेद पाऊण सेंमीवर घेतले तर मेहनत फुकट, काटे लांबच राहतात.

तिसरा_कल्ला

कापाचा नियम आहे, आणि तो आवडीचा नाही. काटे कुठे आहेत, मांस किती जाड आहे आणि आकार गोल की चपटा, हे आधी पाहायचं.

सुरमईत मधला काटा सोडला तर सुटे काटे फार थोडे, मांस घट्ट. म्हणून आडवी तुकडी, म्हणजेच स्टेक, तिला शोभतो. जाडी २ ते २.५ सेंमी. दीडच्या खाली गेलात तर उलटताना मोडते, तीनच्या वर गेलात तर काट्यापाशी कच्ची राहून कडा वाळतात. पोटाकडची तुकडी घोड्याच्या नालेसारखी निघते, तिचे पातळ पंख आत दुमडून दोऱ्याने बांधा. गुदद्वारामागची तुकडी गोल आणि एकसारखी, पहिल्यांदाच करणाऱ्याने तीच घ्यावी. तुकडी पाडताना धपाधप वार करू नका. सुरीच्या टोकाने दोन मणक्यांमधला सांधा चाचपा आणि तिथे दाब द्या. मणक्यावर मारलं की हाडाचे कण मांसात जातात.

रावस, तांबोशी: फिले, आणि जाड असेल तर फिलेचे पुढे भाग. मधल्या रेषेवरून उभा चिरला की पाठीकडची जाड पट्टी म्हणजे लॉइन, एकसारखी शिजते. पोटाची पट्टी पातळ आणि जास्त चरबीची, ती वेगळी शिजवा. शेपटीचं टोक खाली दुमडून जाडी वाढवा, नाहीतर मधला भाग शिजेपर्यंत ते चामट होतं. फिले पातळ असेल तर ४५ अंशात तिरके काप घ्या, तुकडा रुंद दिसतो.

टूना: प्रत्येक बाजू गडद मांसाच्या रेषेवरून दोन भागांत, असे चार लॉइन. ते काळपट लाल मांस छाटून वेगळं ठेवा, चवीला उग्र असतं आणि सगळ्यात आधी तेच खवट होतं.

बांगडा: बटरफ्लाय, म्हणजे काटा काढून पुस्तकासारखा उघडलेला मासा. डोकं काढा, पोट शेपटीपर्यंत चिरून उघडा, पालथा ठेवून पाठीवर तळहाताने दाबत जा. मणका सुटा होतो. उलटून डोक्याकडून उचलून शेपटीकडे ओढा, बरगड्याही बहुतेक सोबत येतात. शेपटीपाशी कात्रीने तोडा. मासा ३०० ग्रॅमच्या वर असेल तर हे नीट जमत नाही.

थंड_बर्फ

सुरीइतकंच वेळेला महत्त्व आहे. मासा ताठलेला असताना, म्हणजे डोकं धरून उचलला तरी शेपूट खाली पडत नाही अशा अवस्थेत, फिले काढू नका. वाकवलं की आतले पापुद्रे फाटतात आणि फिलेला भेगा पडतात. त्या मागाहून बुजत नाहीत. ताठण्याआधी कापला तर उलट होतं, काट्याचा आधार गेल्याने फिले आखडून जाड आणि बुटका होतो. ताठरपणा उतरेपर्यंत बर्फात ठेवायचा.

पोट साफ करताना सुरीचं टोक वर, आतड्यांकडे नाही. पित्त फुटलं तर तो भाग लगेच धुवा, हिरवट डाग राहिला तर छाटा, कडवटपणा शिजवून जात नाही. मणक्याखालची काळसर रक्ताची रेघ चमच्याच्या टोकाने खरवडून काढा. हे सगळं धुणं फिले काढायच्या आधी. फिले नळाखाली धरू नयेत, मांस पाणी पितं आणि तव्यावर सोडतं.

@शेपटाकडून, खवल्यांचा मुद्दा पटत नाही. खवले ठेवून कापलं की ते सुरीबरोबर मांसावर येतात, आणि मग फिले धुवावाच लागतो.

बांगडा, टूना, सुरमई ४ अंश सेल्सिअसखाली ठेवा. उबेत त्यांच्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही.

शेपटाकडून

@थंड_बर्फ, छेदाची रेघ रुंद खरवडली आणि सुरी आतून बाहेर चालवली तर खवले येत नाहीत. पण नवख्याने सगळे काढावेत, हे मान्य.

काटेकोर

मानेपाशी खरंच सरळ छेद देत होतो. एकच उरलं: पापलेट चपटा, मग त्याचे लेपासारखे चार फिले काढायचे का?

उलटी_धार

पापलेट दिसायला चपटा, पण त्याचे डोळे दोन्ही बाजूंना आहेत आणि तो उभाच पोहतो. लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. म्हणजे रचनेने पापलेटला बाजू दोनच, फिलेही दोन. फक्त सुरी पाठीकडून न घालता मधल्या रेषेवरून मणक्यापर्यंत छेद देऊन दोन्हीकडे बाहेर सरकवली तर काम सोपं जातं. मग चार पट्ट्या निघतात. ५०० ग्रॅमच्या आतल्या पापलेटला मात्र हे करू नका. पट्ट्या इतक्या पातळ होतात की त्यापेक्षा अख्खा, दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरके छेद देऊन शिजवलेला बरा. लेपाची कातडी आधी शेपटीकडून सुटी करून मोज्यासारखी डोक्याकडे ओढायची, सुरी नंतर.

आणि तांबोशीच्या काट्यावर जे राहतं ते फेकू नका. चमच्याने खरवडा, कटलेटपुरतं निघेल. काटा आणि डोकं सूपला घालताना कल्ले काढा, नाहीतर कडू होतं. २०-३० मिनिटांच्या वर उकळू नका.