बार्बेक्यू: चेनचं आणि घरच्यांनी चालवलेलं – तुमचे अनुभव लिहा

चुलीवरची

शनिवारी लेकीच्या सॉकर टीमची पार्टी होती. डॅलसच्या उत्तरेला आमच्या भागात हायवेला लागून एक बार्बेक्यूची चेन आहे, तिथे. ट्रे समोर आला. ब्रिस्केटचे (बीफच्या छातीचं मांस) काप राखाडी, कडा वाळून वर वळलेल्या आणि त्यावर गोडमिट्ट सॉस. पहिला घास घेतला आणि एकदम २००४ साल आठवलं.

मी तेव्हा टेक्सासमधल्याच सॅन मार्कोसला एमएस करत होते. लॅबमधली एक मैत्रीण तिच्या पिकअपमधून आम्हाला शेजारच्या एका लहान गावात घेऊन गेली. पत्र्याचं छप्पर, बाहेर लाकडाची रास. आजी गल्ल्यावर, मुलगा लाकडं आणतोय आणि आजोबा सुरी घेऊन उभे. त्यांनी पिटचं, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीचं, झाकण उचललं, ब्रिस्केटवर अंगठा दाबला, मान हलवली आणि दुसरं काढलं. एक काप कापून सुरीच्या पात्यावरच माझ्यापुढे धरला. आधी चाखून बघ, मग सांग किती देऊ ते. काप बोटावर टाकला तर दोन्हीकडे लोंबला पण तुटला नाही, जरा ओढला की सुटला. वरची काळी साल मिरपुडीने खरखरीत, खालची चरबी साजूक तुपासारखी विरघळलेली. ताट नाहीच, खाकी कागद. खाऊन होईपर्यंत तो कागद आरपार दिसायला लागला होता. सोबत पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी. सॉस मागितला नाही, आठवलाच नाही.

बीफ मी पहिल्यांदा तिथे खाल्लं. आईला सांगायला पुढे दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी त्या गावावरून गेलो. दुकान बंद. दाराला साखळी, लाकडाची रास मात्र तशीच होती. शनिवारपासून ती रास डोळ्यांसमोरून जात नाहीये म्हणून हा धागा. तुमचंही लिहा ना.

लाकूडतोड्या

ताई, छान लिहिलंत. मी गेली नऊ वर्षं मागच्या अंगणात हेच करतोय म्हणून थोडं जास्त लिहितो.

फरक मसाल्याचा नाही. त्या आजोबांकडे मीठ-मिरपूड आणि चेनमध्येही तेच, किंवा थोडं जास्तच. फरक आगीचा. बहुतेक चेनमध्ये गॅसवर चालणारी फिरत्या फळ्यांची कपाटं असतात, थर्मोस्टॅट लावलेली. एक-दोन ओंडके वासापुरते टाकायचे आणि घरी जायचं. लाकडाच्या पिटला दर पाऊण तासाने लाकूड लागतं, आणि ब्रिस्केटला २२५ ते २७५ फॅरनहाइटवर १२ ते १४ तास. म्हणजे कुणीतरी रात्रभर जागं पाहिजे. ओलं लाकूड पडलं किंवा हवा कमी झाली की धूर पांढरा आणि दाट होतो, मांस कडू लागतं. चांगला धूर जेमतेम दिसतो, निळसर.

मध्येच एक टप्पा येतो. आतलं तापमान १६०च्या आसपास पोचतं आणि तासन् तास हलत नाही. मांसातून पाणी सुटून वाफ होते आणि ती मांसाला गार करते. आपल्या माठासारखंच. पहिल्या वेळी मी घाबरून आच वाढवली, चामडं झालं. त्या आजोबांनी अंगठ्याने बघितलं ना, त्या अंगठ्याला हे सगळं माहीत असतं.

दुसरं म्हणजे काप आधी करून ठेवले की संपलं. राखाडी, वाळलेलं जे तुम्ही खाल्लंत ते कदाचित नीट शिजलंही असेल, पण कापून गरम पेटीत पडून राहिलं.

कडक_चहा

माठाचं उदाहरण!! १५ वर्षं टेक्सासमध्ये आहे, आज कळलं. +१००

हिरवी_वेल

आम्ही शाकाहारी. ऑफिसच्या पार्टीत दर वेळी बीन्स वाढून घेते आणि दर वेळी त्यात मांसाचे तुकडे निघतात. मग बटाट्याचं सॅलड आणि पांढरा ब्रेड.

पण एक सांगते. लहान दुकानात एकदा काउंटरवरच्या काकूंना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, बीन्स घेऊ नकोस, कोबीसुद्धा आज बेकन घालून केलाय. आणि आतून पीच कॉब्लर (फळाचा गोड पदार्थ) आणून दिला, पैसे घेतले नाहीत. चेनमध्ये विचारलं तर तो मुलगा बिचारा पाकिटावरचं वाचायला आत गेला. त्याची चूक नाही, त्याने ते शिजवलेलंच नव्हतं.

दोन_शिट्ट्या

वेली, अगं बनाना पुडिंग खा. आपलं शिकरण आणि केक यांच्या मधलं काहीतरी.

पैलतीर

सॅन मार्कोस म्हणजे लॉकहार्ट अगदी जवळ. तिथे गेला नाहीत का ताई? क्राइट्स मार्केट १९०० सालचं. मुळात खाटकाचं दुकान. त्या भागातली जुनी दुकानं बरीचशी अशीच, जर्मन आणि चेक लोकांनी काढलेली. न विकलेलं मांस धुरावर टाकायचं आणि कागदात बांधून द्यायचं. खाकी कागद तिथूनच आला. कित्येक वर्षं तिथे सॉस नव्हता, काटाही नव्हता.

१९९९मध्ये क्राइट्सच्या मालक भाऊ-बहिणीत फाटलं. वडिलांनी इमारत बहिणीला ठेवली होती, धंदा भावाकडे. भाऊ नाव घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला नव्या इमारतीत गेला. जाताना जुन्या पिटमधले निखारे घमेल्यात घालून रस्त्यावरून ओढत नेले आणि नवी आग त्यावर पेटवली. बहिणीने जुन्या जागेत स्मिटीज सुरू केलं. तिथे रांगेत उभं राहिलं की पायाशी, अगदी उघड्यावर, जमिनीवरच आग पेटलेली असते. लेकाला कडेवर घेऊन उभा होतो, जीन्सला धग लागत होती.

आजी गावाहून शहरात आली तेव्हा चुलीतली राख पुरचुंडीत बांधून आणली होती. निखाऱ्यांचं वाचलं तेव्हा तीच आठवली.

बोरकूट

निखाऱ्यांचं वाचून काटा आला अंगावर.

समुद्रपक्षी

मी मूळची मडगावची, आता नॉर्थ कॅरोलायना. इथे बार्बेक्यू म्हणजे डुक्कर, बीफचं नाव काढायचं नाही. पूर्व भागात अख्खं डुक्कर निखाऱ्यावर आणि वरून नुसतं व्हिनेगर-मिरची. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला फक्त खांदा, आणि व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो. यावरून माणसं अजून भांडतात.

एडनला स्कायलाइट इन आहे, १९४७ सालचं, छपरावर चक्क वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा (संसदेच्या इमारतीसारखा) घुमट. आत गेलं की आधी आवाज ऐकू येतो. दोन्ही हातांत सुरे, लाकडी ठोकळ्यावर खटखटखटखट. कातडीसुद्धा कुरकुरीत करून त्यातच बारीक करतात. पहिला घास, व्हिनेगरचा आंबटपणा, डुकराची चरबी, मिरची. डोळ्यात पाणी आलं माझ्या. आमच्याकडे नाताळला डुकराचं सोरपोतेल करतात, माडाच्या व्हिनेगरमध्ये, तीच जिभेची जागा. हजारो किलोमीटर कुठेतरी जवळ आल्यासारखे वाटले.

चेनमध्ये व्हिनेगर सॉस बाटलीत मिळतो. साखर असते त्यात.

रानवारा

मी चेनच्या बाजूने लिहिणार आहे, रागावू नका.

सासूबाई व्हीलचेअरवर असतात. रविवारी रात्री साडेआठला हॉस्पिटलमधून निघालो, सगळे उपाशी. घरच्या लोकांची दुकानं दुपारी दोनलाच "संपलं"ची पाटी लावतात. चेन उघडी होती, रॅम्प होता, बाथरूम स्वच्छ. टर्की मऊ होती, सासूबाईंनी खाल्ली. त्या रात्रीसाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

आणि चेन म्हणजे कुटुंब नाही असंही नाही. डिकीज ही चेनच बघा, १९४१ साली डॅलसमध्ये एकाच दुकानापासून सुरू झालं, फ्रँचायझी १९९४ पासून. अजून त्याच घराण्याकडे आहे.

चुलीवरची

रानवारा, रागावू कशाला. सासूबाई कशा आहेत आता?

रानवारा

बऱ्या आहेत गं. चालायला लागल्यात वॉकर घेऊन.

शेवंती_८२

माझ्या दिरांनी अशाच एका चेनची फ्रँचायझी घेतली होती (नाव नको). ते आणि जाऊबाई, दोघंच. सकाळी सहा ते रात्री दहा. म्हणजे तेही घरच्यांनीच चालवलेलं दुकान होतं की. पण मांस कुणाकडून घ्यायचं ते वरून ठरलेलं, सॉस वरून, कूपनं वरून. विक्रीतला टक्का आधी जायचा, नफा असो नसो. भाऊजींनी एकदा स्वतःच्या हिशोबाने ओक आणून बाजूला लाकडावर केलं, गिऱ्हाईक खूश झालं, तर तपासणीवाल्याने लेखी ताकीद दिली. तीन वर्षांनी बंद केलं. घर गहाण होतं. जाऊबाईंना अजून धुराचा वास सहन होत नाही.

पाटीवर एकच नाव असलं तरी आत कोण उभं आहे ते बघा आणि गोड बोला त्यांच्याशी, एवढंच.

हिरवी_वेल

शेवंती, वाचून वाईट वाटलं. जाऊबाईंना नमस्कार सांग.

लाकूडतोड्या

लहान दुकानं का बंद पडतात त्याचं गणित पण लिहितो. कच्चं ब्रिस्केट साफ करताना चरबी जाते, शिजताना पाणी जातं. १२ पौंड घेतलं तर विकायला जेमतेम ६ उरतं. म्हणजे भाव पहिल्याच पायरीला दुप्पट. त्यावर लाकूड, रात्रीचा माणूस, भाडं. आणि मुलं शिकून ऑस्टिनला जातात.

पैलतीर

सगळीच बंद नाही पडत. लेक्सिंग्टन, टेक्सासला स्नोज नावाचं दुकान फक्त शनिवारी उघडतं. टूट्सी टोमॅनेट्झ नावाच्या आजी पिट सांभाळायच्या, जन्म १९३५चा. आठवडाभर शाळेत साफसफाईचं काम आणि शनिवारी पहाटे पिटवर. २००८मध्ये टेक्सास मंथली मासिकाने राज्यात पहिला नंबर दिला. आम्ही पहाटे पाचला पोचलो तेव्हा त्या फावड्याने निखारे पसरत होत्या. लांब दांड्याच्या मॉपने कोंबडीवर पाणी मारायच्या, फरशी पुसावी तसं. मुलाने विचारलं, ही कुणाची आजी?

कोळंबी_भात

विषय थोडा वेगळा, पण धुराचं वाचून पोपटी आठवली. अलिबागकडे थंडीत, शेतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, तोंड परत पाल्याने बंद, मडकं उलटं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. कुणाची चेन निघाली नाही अजून.

दोन_शिट्ट्या

आई गं, भांबुर्डा. ह्यूस्टनला मिळतो का?

कोळंबी_भात

नाही हो. आम्ही केळीच्या पानावर भागवलं, तो वास नाही येत. शेंगा फ्रोझन मिळतात.

चुलीवरची

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आमच्याकडे करूया? मागे जागा आहे. वेलीसाठी वेगळं मडकं, नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी. शेवंती, भाऊजी येतील का? त्यांनीच आग लावावी असं वाटतं.

लाकूडतोड्या

आधी काउंटीचा बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) आहे का बघून घ्या ताई, या वर्षी पाऊस नाही. ओक मी आणतो.

शेवंती_८२

विचारते. जाऊबाईंना आधी विचारते.

हिरवी_वेल

मडकं माझ्याकडे आहे एक मोठं, पुण्याहून आणलेलं. माठच आहे खरं तर, पण चालेल ना?